कोटणीसांचा संसार आणि आमची गल्ली

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याविषयी शाळेत असताना मी वक्तृत्व स्पर्धेत दोनदा बोलले आहे. सोलापूरचा एक तरुण डॉक्टर चीनमध्ये गेला आणि जखमी सैनिकांची सेवा करता करता तिथेच वारला, ही कथा आपण सारेच अभिमानाने सांगतो. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला आणि त्यात कोटणीसांची भूमिका स्वतः केली. परंतु यंदा त्यांच्याविषयी पुन्हा वाचताना माझ्या मनात एक निराळाच प्रश्न आला. त्यागाविषयी आपण इतके बोलतो. पण त्या परक्या मुलुखात या माणसाचा संसार कसा उभा राहिला असेल?

१९३८ साली राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठविले. सुभाषचंद्र बोस त्या वेळी सभेचे अध्यक्ष होते. पथकातील बाकीचे चौघे पुढे मायदेशी परतले. कोटणीस मात्र परतले नाहीत. उत्तर चीनच्या डोंगराळ खेड्यांत, जपानी सैन्याच्या हल्ल्यांच्या छायेत, ते शस्त्रक्रिया करीत राहिले. १९४१ साली तेथील रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. या रुग्णालयाला कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे नाव होते. १९४० साली याच बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात त्यांची गुओ चिंगलान या मुलीशी भेट झाली. ती परिचर्येची शिक्षिका होती. हा हिंदी डॉक्टर चिनी बोलतो, थोडेफार लिहितोही, याचे तिला मोठे नवल वाटले. १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला.

हा संसार कसा असेल, याची मी पुष्कळ कल्पना करून पाहिली. त्या भागातील गरिबांचे अन्न म्हणजे राळे. आपल्याकडेही म्हाताऱ्या माणसांना राळ्याचा भात ठाऊक आहे. तेव्हा सोलापूरच्या माणसाला ते ताट अगदीच अनोळखी वाटले नसावे. पण थंडी, भाषा, नातीगोती, सारेच परके. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन! कोटणीसांनाही चिनी नाव मिळाले होते, के दीहुआ. त्यातही 'चीन' आहेच. हे सुख फार टिकले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या विकाराने कोटणीस गेले. बाळ तेव्हा चार महिन्यांचेही नव्हते.

वाचकहो, या कथेतील त्याग कोटणीसांचा आहे यात शंका नाही. पण संसाराचे अर्धे श्रेय तिथल्या लोकांचे आहे. त्यांनी परक्या माणसाला भाषा शिकविली, नाव दिले, रुग्णालय त्याच्या हाती सोपविले आणि त्यांच्यातल्या एका मुलीने त्याला आपले घर दिले. आपण भाषणात हा अर्धा भाग गाळतो. का गाळतो, ते मला आमच्या गल्लीत कळले.

मी मस्तगड भागात राहते. वडील मोंढ्यात हमाली करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. मागच्या वर्षी शेजारच्या खोलीत बिहारमधले एक जोडपे भाड्याने आले. तो लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला जाई; ती दिवसभर एकटी. आम्ही त्यांची नावे विचारलीच नाहीत. तो 'भैया' आणि ती 'भैयाची बायको'. नळाला पाणी आले की तिचा हंडा सर्वांत शेवटी. तिची बोली ऐकून आम्ही मुली हसत असू, आणि त्यात माझा आवाज सर्वांत मोठा असे. एके दिवशी ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "दीदी, मराठी पढना सिखा दो. दवाखाने का कागज समझ में नहीं आता." तिला दिवस गेले होते. मी म्हणाले, "परीक्षा झाल्यावर." परीक्षा झाली, सुट्टीही संपली. आणि एका सकाळी पाहते तो खोलीला कुलूप! ते दोघे कुठे गेले, हे गल्लीत कोणालाच माहीत नव्हते. कोणी विचारलेच नव्हते.

कोणी म्हणेल, कोटणीस सेवेसाठी गेले, हे लोक पोटासाठी येतात. तुलना कशी होईल? पण पोटासाठी गाव सोडणे हा काय गुन्हा आहे? १९७२ च्या दुष्काळात माझे आजी-आजोबा परतूरकडचे खेडे सोडून याच शहरात आले. तेही तेव्हा परकेच होते. आज जालन्याच्या लोखंडाचा लौकिक आपण मिरवतो. त्या भट्टीच्या धगीत कोणाचे अंग भाजते, हे कधी पाहतो का?

कोणी असेही म्हणेल की, इथे राहायचे तर त्यांनी मराठी शिकावी. अगदी बरोबर! कोटणीसही चिनी शिकलेच. पण भाषा काही हवेतून येत नाही. कोणीतरी शेजारी बसून, चुकलेला शब्द न हसता दुरुस्त करून द्यावा लागतो. जो 'आमची भाषा शिका' म्हणतो, त्याने आपला एक तास द्यायला नको काय? माझ्याकडे तो तास होता. मी दिला नाही.

'जालना, सोने का पालना' अशी म्हण आपण कौतुकाने सांगतो. पाळणा म्हटला की त्यात कोणाचे बाळ आहे, हे विचारायचे नसते. माझी एक सूचना आहे. दर रविवारी आपल्या महाविद्यालयातील एक वर्ग उघडावा आणि राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे बाहेरून आलेल्या कामगारांसाठी व त्यांच्या बायकांसाठी मराठीचा वर्ग चालवावा. खडू आणि फळा आहेच. पहिला तास मी घेईन. आधी प्रत्येकाचे नाव विचारीन, आणि मगच फळ्यावर 'अ' काढीन.