हक्क संपला, तबकडी उरेल का?
१९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले आणि जेमतेम तीन मिनिटांत राग मांडण्याचे युग सुरू झाले. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. त्यामुळे १९३७ मध्ये निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँ यांच्या हयातीत निघालेल्या ध्वनिमुद्रिका आज कायद्याने सर्वांच्या आहेत. प्रत्यक्षात मात्र अशा असंख्य तबकड्या खासगी संग्राहकांच्या कपाटांत आहेत. लाखेची तबकडी हातून निसटली की फुटते. संग्राहकामागे वारसांना रस नसेल, तर संग्रह भंगारात जातो. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने या हौसेला अभ्यासाची जोड दिली. परंतु हा वारसा केवळ हौशी मंडळींच्या भरवशावर सोडणे परवडणारे नाही. विद्यापीठांनी व ग्रंथालयांनी संग्राहकांच्या हयातीतच अंकीकरण हाती घ्यावे. तबकडीच फुटली, तर ऐकण्याचा हक्क कागदावरच राहील.