न्यूझीलंडचे दूध आणि आपला गोठा



२०१९ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर सकाळी सकाळी उभा होतो. कॅन घेऊन माणसे रांगेत, आत फॅटचे यंत्र चालू. रांगेतले एक वयस्कर तात्या म्हणाले, "साहेब, त्या न्यूझीलंडचं दूध आता आपल्याकडं येणार म्हनत्यात. खरं का?"

त्या वेळी आशियातल्या आणि आसपासच्या १६ देशांच्या व्यापार कराराची बोलणी चालली होती. न्यूझीलंड त्यात होते. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे भारताने या करारात येण्यास नकार दिला. त्यामागे जी कारणे होती त्यांत आपल्या दूधधंद्याची काळजी हे एक मोठे कारण होते. हे सांगितल्यावर तात्यांचा जीव भांड्यात पडला. पण लगेच त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, "एवढासा देश, अन् त्याला आपन भ्यायचं कशापायी?"

रांगेत उभ्या उभ्या मी त्यांना अर्धेमुर्धेच उत्तर दिले. उरलेले आज तुमच्यापुढे ठेवतो.

न्यूझीलंड आकाराने आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडे लहान. वस्ती मात्र साधारण ५३ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्यात ९४ लाख माणसे होती! भारतात त्यांच्या जवळजवळ दहापट दूध निघते, पण ते आपण आपल्याच घरी पितो, खातो. त्यांचे शंभरातले सुमारे ९५ लिटर दूध पावडर, लोणी, चीज होऊन परदेशी जाते. मोटारी, पेट्रोल, यंत्रे बाहेरून आणायची आणि त्याचे पैसे दूध, मांस, फळे, लाकूड विकून फेडायचे, असा त्या देशाचा प्रपंच आहे. विकले नाही तर चूल पेटणार नाही.

ही वाट त्यांना एका जहाजाने दाखवली. १८८२ साली 'ड्युनेडिन' नावाचे शिडाचे जहाज गोठवलेल्या मांसाचे सुमारे पाच हजार नग घेऊन लंडनला निघाले. जहाजावर बर्फासारखी थंडी करणारे यंत्र बसवलेले होते. तीन महिन्यांहून जास्त प्रवास झाला, मध्ये विषुववृत्ताचा उन्हाळा लागला, तरी माल टिकला. तोवर त्या देशाला टिकाऊ लोकर आणि धान्यच दूर पाठवता येत होते. आता मांस आणि लोणीही जाऊ लागले.

गिऱ्हाईक मात्र मुख्यतः एकच, इंग्लंड. एकाच व्यापाऱ्याच्या भरवशावर बसलेल्या बागाईतदाराचे काय होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. १९७३ साली इंग्लंड युरोपच्या सामाईक बाजारात सामील झाले आणि हळूहळू ते दार अरुंद झाले. सरकारने शेतकऱ्याला सावरायला १९७८ पासून किमान भावाची हमी दिली, खतांना आणि कर्जांना सवलती दिल्या. मग लोकांनी डोंगरउतारावरसुद्धा मेंढ्या वाढवल्या. १९८२ साली मेंढ्या ७ कोटींवर गेल्या. बाजाराला एवढे मटण नकोच होते. ते सरकारच्या भावासाठी पिकत होते.

१९८४ साली नवे सरकार आले, तिजोरी रिकामी होती. अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी शेतीच्या सवलती थोड्याच काळात जवळजवळ सगळ्या काढून घेतल्या. व्याजाचे दर चढले, जमिनीचे भाव पडले. काही कुटुंबांना शेत सोडावे लागले. भीती होती तेवढी शेते बुडाली नाहीत, हे खरे. उरलेल्यांनी पडीक उतार सोडून दिले, मेंढ्या कमी पण वजनदार ठेवल्या, अनेकांनी मेंढ्या विकून गाई घेतल्या. आज मेंढ्या अडीच कोटींच्याही खाली आहेत.

आपल्याकडे सभांमधून कोणी कोणी सांगतात की, त्यांनी सवलती बंद केल्या आणि शेतकरी तरले, मग आपणही तसेच करावे. मला हे पटत नाही. तिकडे एका गोठ्यामागे सरासरी ४४० गाई, आपल्याकडे दोन नाहीतर चार. तिकडे शेत सोडणाऱ्याला सरकारने एकरकमी मदत दिली. आपल्याकडे शेत सुटले की माणूस थेट मजुरीच्या नाक्यावर. आपण दूध पावडरीवर ६० टक्के आयात शुल्क ठेवले आहे, आणि माझ्या मते ते राहावे.

मग भ्यायचे कशाला? त्यांच्या स्वस्ताईला. त्यांच्या गाई बहुतेक वर्षभर कुरणात चरतात. तिकडचे ऋतू उलटे. जुलै-ऑगस्टात बहुतेक गाई एकदम वितात, म्हणजे वसंतातला कोवळा चारा आणि गाईचे भरपूर दूध यांची गाठ पडते. पेंड थोडी, चारा घरचा. डेअरी पैसे देते ते दुधातल्या फॅटचे आणि प्रथिनांचे, किलोवर. पाण्याचे मिळत नाहीतच, उलट लिटर जास्त भरले तर काही कापून घेतात!

त्यांचेही सगळे बरे चालले आहे असे समजू नका. इंग्लंड गेले आणि पुढे चीन मोठे गिऱ्हाईक झाले. २०१४ साली चीनने खरेदी आवरली, आणि त्यांच्या सर्वांत मोठ्या सहकारी डेअरीचा भाव एका हंगामात किलोला ८.४० डॉलरवरून ४.४० वर आला. गाई वाढल्या तसे नद्यांचे पाणीही बिघडले, त्यावरून तिकडे आजही भांडणे आहेत.

त्या दिवशी तात्यांनी शेवटी विचारले, "मग त्यांना लिटर केवढ्याला पडतं?" मी उलट विचारले, "तात्या, तुम्हाला केवढ्याला पडतं?" तात्या हसले. "पगार आला की पेंडीवाल्याला देतो, उरलं ते आपलं." मागून त्यांची सून पुढे आली. तिच्याकडे मुलाच्या शाळेची जुनी वही होती. सरकी पेंडीची पोती, विकतचा कडबा, डॉक्टरांची फी, भाकड म्हशीचा खर्चसुद्धा तिने तारखेने मांडलेला होता. तात्यांना त्या वहीचा पत्ताच नव्हता! केंद्राच्या ओट्यावर बसून आम्ही तिघांनी बेरीज केली. भाकड जनावराचा खर्च धरला तेव्हा लिटरमागे तोटा निघाला. सून म्हणाली, "मामंजी, मी हेच कवापासून सांगतेय."

तात्यांनी त्या पावसाळ्यात दहा गुंठ्यांत संकरित नेपिअर लावले आणि पेंडीचे एक पोते कमी केले. वही अजून सुनेकडेच आहे. तिने आखलेले रकाने मी उतरवून घेतले आहेत, ते पुढच्या अंकात देईन.