रुग्णाला काय कळते?

आरोग्यसेवेतले संगणकीकरण बड्या कंपन्यांवरच सोपवावे, असे एक विद्वान गृहस्थ सध्या व्याख्यानांतून आग्रहाने मांडत आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: छोटी कंपनी आज आहे, उद्या नाही; तिच्याकडे माहिती सुरक्षित राहत नाही; आणि रुग्णाच्या हाती त्याच्या नोंदी देण्याचा जो ध्यास या कंपन्या घेतात तो व्यर्थ आहे, कारण रुग्णाला त्यातले काय कळते? पहिली दोन विधाने मला चुकीची वाटतात. तिसऱ्याचा मला संताप येतो.

मोठेपणाने स्थैर्य येत असते, तर ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचा संगणक-प्रकल्प बुडाला नसता. 2002 मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात इंग्लंडचे पाच विभाग पाडून नामांकित कंपन्यांना कंत्राटे दिली गेली. ॲक्सेंचर 2006 मध्ये बाहेर पडली, फुजित्सूचे कंत्राट 2008 मध्ये संपले आणि अब्जावधी पौंड ओतल्यावर 2011 मध्ये सरकारने प्रकल्पच मोडीत काढला. सुरक्षिततेबद्दल एवढेच सांगतो: 2024 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युनायटेडहेल्थ या अवाढव्य समूहाच्या एका कंपनीत हॅकर शिरले. ज्या वाटेने ते आत गेले तिथे पासवर्डाखेरीज दुसरी पडताळणीच नव्हती. सुमारे 19 कोटी माणसांच्या माहितीला त्याची झळ बसली.

आता तिसरे. हा युक्तिवाद नवा नाही. केसपेपरची प्रत मागणाऱ्या नातेवाइकांना आपल्याकडे वर्षानुवर्षे हेच ऐकवले गेले. रुग्णाला त्याचे कागद नाकारता येत नाहीत, हे 1996 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले. मागणी केल्यापासून 72 तासांत नोंदी द्याव्यात, असा नियम 2002 मध्ये आला. तरी आजही माणसे एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे हेलपाटे घालतात, आणि हे गृहस्थ त्या खिडकीच्या आतल्या बाजूने बोलतात! डॉक्टरांची टिपणे वाचून रुग्ण घाबरतील, ही भीती अमेरिकेतही होती. तिथे 2010 मध्ये शंभरावर डॉक्टरांनी आपली टिपणे हजारो रुग्णांना खुली केली. वर्षभरानंतर सर्वेक्षणाला उत्तर देणाऱ्यांपैकी 99 टक्के रुग्णांना ही सोय पुढेही हवी होती. एकाही डॉक्टरने ती बंद केली नाही.

रुग्णांना कळते ते किती, हे पाहायचे तर पेशंट्सलाइकमी या छोट्या कंपनीकडे पाहावे. स्नायूंची ताकद हिरावून घेणारा एएलएस हा आजार एका तरुणाला झाला. त्याच्या भावांनी एका मित्रासह 2004 मध्ये ती काढली. रुग्णांनी आपली लक्षणे, औषधे, शरीराची अवस्था स्वतः नोंदवायची आणि एकमेकांची पाहायची, अशी ती व्यवस्था. 2008 मध्ये इटलीतल्या एका अभ्यासाने लिथियममुळे हा आजार मंदावतो असे म्हटले. त्या अभ्यासात लिथियम मिळालेले रुग्ण होते अवघे 16. मरण समोर दिसणारी माणसे थांबणार कशी? अनेकांनी ते घेणे सुरू केले आणि नोंदवतही राहिले. कंपनीने लिथियम घेणाऱ्या 149 रुग्णांची तुलना तशाच अवस्थेतल्या, ते न घेणाऱ्यांशी केली. फरक दिसला नाही. 2011 मध्ये हा निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकात छापून आला, आणि रीतसर चाचण्यांनीही तेच सांगितले. रुग्णांनी स्वतः भरलेली माहिती काटेकोर चाचणीची जागा घेत नाही, हे मान्य. पण ज्यांना काही कळत नाही असे हे गृहस्थ म्हणतात, त्यांनीच ही खोटी आशा तपासून दाखवली.

हे काम बड्या कंपनीला का सुचले नाही? तिचे गिऱ्हाईक रुग्णालय असते. प्रणाली विकत घेणाऱ्याला बिल आणि विम्याचा दावा आधी हवा असतो, आणि संगणकावरचे पडदेही तसेच तयार होतात. आजारी माणसाच्या घरातून निघालेल्या छोट्या कंपनीचा पहिला प्रश्न वेगळा असतो.

पेशंट्सलाइकमी पुढे विकली गेली, असे आक्षेपक म्हणतील. खरे आहे. 2019 मध्ये तिला विकत घेतले ते त्याच युनायटेडहेल्थने. म्हणून छोट्या कंपन्यांना बंदी नको, नोंदी रुग्णाच्या ताब्यात हव्यात. त्यासाठी लागणारी एफएचआयआर ही खुली मानक-पद्धत आहे, आणि भारताच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने ती स्वीकारली आहे. कंपनी बुडाली किंवा विकली गेली तरी नोंदी दुसरीकडे नेता येतील, अशी अट प्रत्येक कंत्राटात घालता येते. मग कंपनी दहा माणसांची की दहा हजारांची, याने फारसे बिघडत नाही.

तुमच्या गावातले रुग्णालय नवी प्रणाली घेत असेल, तर विश्वस्तांना जाऊन विचारा: माझ्या नोंदी मला, मी मागेन तेव्हा, दुसऱ्या डॉक्टरला वाचता येतील अशा रूपात मिळणार का? ‘हो’ हे उत्तर लेखी घ्या.