मृत्यूच्या दाखल्यातला न छापलेला रकाना

अमेरिकेत पोलिसांच्या हातून दरवर्षी किती माणसे मरतात, याचा भरवशाचा सरकारी आकडा नाही. 'द लॅन्सेट'मध्ये २०२१ साली आलेल्या अभ्यासानुसार १९८० ते २०१८ या काळात असे सुमारे ३०,८०० मृत्यू झाले. त्यांतले ५५ टक्के सरकारी मृत्युनोंदीत पोलिसी कारवाईखाली आलेच नाहीत. दाखल्यावर 'गोळी लागून मृत्यू' एवढेच लिहिले आणि गोळी कोणी झाडली ते राहिले, की तो मृत्यू इतर खुनांत जमा होतो. पोलिसांच्या सहभागासाठी दाखल्यात वेगळा रकानाच नाही. कॅलिफोर्नियातील अनेक काउंटींत तर मृत्यूचे कारण ठरवणारे कार्यालय शेरीफच्याच हाताखाली असते.

२०१४ मधील फर्ग्युसनच्या घटनेनंतर वृत्तपत्रांनी स्वतः मोजणी सुरू केली. 'वॉशिंग्टन पोस्ट'ला पोलीस गोळीबाराचे वर्षाला सुमारे हजार बळी आढळले. एफबीआय २०१९ पासून माहिती गोळा करते. पण ती देणे पोलीस खात्यांच्या मर्जीवर आहे.

क्षयाच्या रुग्णाची नोंद कोणाच्या मर्जीवर सोडलेली नाही, ती सक्तीची आहे. मग या मृत्यूंनाच सवलत का? दाखल्यात एक रकाना वाढवावा आणि तो भरणारा पोलिसांपासून स्वतंत्र असावा. जे मोजलेच जात नाही, त्याचा जाब विचारायचा कोणाला?