शंख उचलण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची रत्नागिरीहून कामरगावला आली ती पिशवीभर शंख-शिंपले घेऊन. दोन दिवसांनी घरात कुजका वास सुटला. शोधता शोधता तो एका टोकदार, तपकिरी नक्षीच्या शंखातून येत असल्याचे कळले. म्हणजे आतला जीव तिने उचलला तेव्हा जिवंत होता! "मामू, मी तर तो खिशात ठेवला होता," ती म्हणाली. शंकूसारखा आकार पाहून माझ्या पोटात गोळा आला.

आपल्याकडे गोगलगाय म्हटले की सोयाबीन खाणारी आठवते. समुद्रातली शंकू गोगलगाय मात्र शिकारी असते. तिच्या सोंडेत पोकळ, भाल्यासारखा दात असतो. तो भक्ष्यात खुपसून ती विष सोडते. काही जाती किडे खातात, काही दुसऱ्या गोगलगायी, तर काही चक्क मासे. मासे खाणाऱ्या माणसालाही घातक. १९३५ साली ऑस्ट्रेलियाच्या हेमन बेटावर हातात शंख धरलेला २७ वर्षांचा तरुण काही तासांत दगावला. या विषावर उतारा नाही. श्वास बंद पडू लागतो, म्हणून दंश झाल्यास जखम कापू-चोखू नये. तो अवयव स्थिर ठेवून, श्वासावर लक्ष देत ताबडतोब रुग्णालय गाठावे. कोकणच्या किनाऱ्यावरही शंकू गोगलगायी आढळतात. सगळ्या सारख्या विषारी नसतात, पण ओळख नसताना उचलून पारख करायची कशाला?

याच विषातून औषधही निघाले. अमेरिकेत फिलिपिनो शास्त्रज्ञ ऑलिव्हेरा यांच्या प्रयोगशाळेत नुकतीच शाळा संपवून आलेली मुलेही हे विष तपासत होती. मला शिक्षक म्हणून ही गोष्ट फार आवडते. त्यातून पुढे आलेल्या झिकोनोटाइडला २००४ मध्ये मान्यता मिळाली. असह्य वेदनांसाठी ते पाठीच्या कण्यातील द्रवात पंपाने सोडतात आणि अफूजन्य औषधांसारखे त्याचे व्यसन लागत नाही. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील के. एस. कृष्णन आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. बलराम यांनीही भारतीय किनाऱ्यावरील शंकू गोगलगायींच्या विषाचा अभ्यास केला.

हे सगळे ऐकून भाची म्हणाली, "मग पुढच्या वेळी फक्त फोटो काढीन." रिकामे, वाळलेले शिंपले तिने ठेवून घेतले. पिशवी मात्र अजून अंगणातच आहे, वास जाईपर्यंत.