दिसलं म्हणजे झालं?

‘कल्पना तर करता येते ना? मग शक्य असणारच.’ हे मी दोन ठिकाणी ऐकतो: ऑफिसच्या मीटिंगमध्ये आणि तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत. मीटिंगमधल्या वाक्याची किंमत आमची टीम रात्री जागून मोजते. पुस्तकांत तर त्यावरून थेट विश्वाची घडण ठरवली जाते.

डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९६च्या ‘द कॉन्शस माइंड’मध्ये झॉम्बीचा युक्तिवाद सविस्तर मांडला. झॉम्बी म्हणजे कणाकणाने हुबेहूब माझ्यासारखा, तसाच बोलणारा-वागणारा, पण आत जाणीव शून्य. त्याची कल्पना करता येते. म्हणून तो शक्य आहे. म्हणून जाणीव निव्वळ भौतिक नाही. माझं भांडण मधल्या पायरीशी आहे.

माझ्या धंद्यातलं उदाहरण घ्या. कुठलाही प्रोग्रॅम आणि त्याचा इनपुट दिला की तो कधीतरी थांबेल की अनंतकाळ फिरत राहील, हे अचूक सांगणारा तपासनीस प्रोग्रॅम. मला तो स्पष्ट दिसतो: एक बटण, हिरवा दिवा, लाल दिवा. पण अ‍ॅलन ट्युरिंगने १९३६मध्ये दाखवलेल्या वाटेने गेलं की तो असूच शकत नाही हे सिद्ध होतं. तो असेल, तर मी दुसरा प्रोग्रॅम लिहीन. तो स्वतःबद्दल तपासनिसाला विचारेल आणि उत्तराच्या बरोबर उलट वागेल. तपासनीस काहीही म्हणाला तरी खोटा पडेल. मग मला दिसलं होतं काय? नुसते दिवे.

किंवा १७४२पासूनचा गोल्डबाखचा प्रश्न घ्या: दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का? ‘असते’ अशी कल्पना मी करू शकतो, कुठेतरी दूर अपवाद सापडल्याचीही करू शकतो. यातलं एक अशक्य आहे. कल्पनेने मात्र दोन्हींवर शिक्का मारला.

चाल्मर्स यांना हे ठाऊक आहे. वरवरची कल्पना नको, आदर्श विचाराच्या कसोटीलाही टिकणारी हवी, असं ते म्हणतात. मान्य. पण आपली कल्पना तशी आहे हे कशावरून? त्यात कुठेही विसंगती दडलेली नाही, याची खात्री हवी. म्हणजे जे सिद्ध करायचंय तेच आधी हातात हवं.

मी कल्पनेच्या विरोधात नाही. माझं पोट तिच्यावरच आहे. पण ती अर्ज आहे, मंजुरी नव्हे. पुढच्या मीटिंगमध्ये कुणी ‘इमॅजिन करा’ म्हणालं, की मी विचारणार: या चित्रात नेमकं काय काढायचं राहिलंय? झॉम्बीवाल्यांनाही माझा तोच प्रश्न आहे.