ई-रीडर की टॅबलेट? आधी आपली पुस्तके पाहा

वाचनाची ओढ असलेल्या मुलाला ई-रीडर घ्यावा की टॅबलेट, असा प्रश्न अलीकडे पालक वारंवार विचारतात. काही माजी विद्यार्थ्यांनी तर वसतिगृहाच्या ग्रंथालयाला अशी यंत्रे भेट देण्याची इच्छा व्यक्त केली आहे. ही भावना मोलाची आहे आणि म्हणूनच दान विचारपूर्वक व्हावे. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर यंत्रांच्या जाहिरातींत सापडणार नाही. आपल्याला काय वाचायचे आहे आणि ते आज कोणत्या रूपात उपलब्ध आहे, हे पाहिल्यावरच ते सापडेल.

प्रथम दोन्ही यंत्रांतील भेद समजून घेऊ. ई-रीडरच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात. त्यांतील काळे व पांढरे कण विजेच्या प्रभावाने वरखाली होतात आणि अक्षरे उमटतात. उमटलेले पान तसेच ठेवण्यासाठी वीज लागत नाही. ती खर्च होते प्रामुख्याने पान उलटताना. म्हणून एकदा चार्ज केलेला ई-रीडर कित्येक आठवडे चालू शकतो आणि भर उन्हातही त्यावरील अक्षर कागदावरच्या अक्षरासारखे स्पष्ट दिसते. टॅबलेटचा पडदा स्वतः प्रकाश देतो. तो रंग दाखवतो, चित्रफिती दाखवतो, परंतु सतत वापरल्यास दिवसभरात चार्जिंग मागतो. ज्या गावांत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेथे हा फरक क्षुल्लक नाही.

याहून महत्त्वाचा भेद मनाच्या एकाग्रतेशी संबंधित आहे. ई-रीडरचा सर्वांत मोठा गुण हाच की त्याला वाचनाखेरीज फारसे काही येत नाही. टॅबलेटवर वाचणाऱ्या मुलाच्या हाताशी त्याच क्षणी खेळ असतो, संदेश असतात, चित्रपट असतो. प्रौढांनाही जो मोह आवरत नाही, तो तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने आवरावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. कादंबरी, आत्मकथन, चरित्र असे सलग वाचन करणाऱ्याने ई-रीडर घ्यावा, हे मी निःशंकपणे सांगेन. किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तकेही मिळू लागली आहेत.

मग प्रश्न येथेच मिटला का? नाही. आपल्या चळवळीचे वाङ्मय वाचायला घेतले की निवाडा उलटतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’चे खंड आज पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. मात्र पीडीएफ म्हणजे आकार गोठलेले पान. सहा इंची ई-रीडरवर ते पान मावते, पण अक्षर मुंगीएवढे होते. मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडून उजवीकडे सरकवावे लागते. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’मधील आकड्यांची कोष्टके अशा रीतीने वाचून पाहावीत, म्हणजे अडचण ध्यानी येईल. १९२० चे ‘मूकनायक’ किंवा १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’ यांच्या छायाप्रतींची स्थिती तर याहून बिकट. तेथे वृत्तपत्राचे रकाने आहेत. या वाचनाला दहा इंची टॅबलेटच हवा.

हा दोष ई-रीडरचा नव्हे. पडद्याच्या आकारानुसार अक्षर लहानमोठे व्हायचे असेल, तर ग्रंथ युनिकोडमध्ये टंकलिखित असावा लागतो. आपली कितीतरी प्रकाशने, पुस्तिका, जलशांची कवने आणि परिषदांची इतिवृत्ते केवळ कागदावर आहेत. काही फार तर छायाप्रतींच्या रूपात. काही जुन्या संगणकीय टंकांत अडकली आहेत आणि युनिकोडमध्ये आणताना त्यांची अक्षरे विस्कटतात. याउलट इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने पाली तिपिटक देवनागरीत टंकलिखित करून सर्वांना खुले केले आहे. ते कोणत्याही पडद्यावर वाचता येते, त्यात शब्द शोधता येतो. तेथे श्रम झाले, येथे व्हायचे आहेत. अंतर एवढेच आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. बुद्धवचन कित्येक शतके भिक्खूंच्या मुखात होते. दुष्काळ आणि अशांततेच्या काळात पाठ करणारे उरतील की नाही अशी शंका आली, तेव्हा इसवी सन पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेतील आलुविहार येथे ते लिपिबद्ध झाले, असे सिंहली परंपरा सांगते. साधन बदलण्यास त्या भिक्खूंनी नकार दिला नाही. मात्र साधन बदलताना पाठ सुटू नये यासाठी ते स्वतः कामाला बसले.

म्हणून माझे मत असे आहे. पाल्य कथा-कादंबऱ्यांत रमत असेल, तर पालकांनी त्याला ई-रीडर द्यावा. ग्रंथालयासाठी मात्र मोठ्या पडद्याचे मोजके टॅबलेट घ्यावेत. त्यांत सिमकार्ड नसावे, खेळ नसावेत. बाबासाहेबांचे खंड आणि शब्दकोश आधीच उतरवून ठेवावेत आणि ते वाचनकक्षातच वापरले जावेत. प्रत्येक मुलाच्या हाती टॅबलेट देण्याच्या उत्साहाला माझा विरोध आहे.

तिसरे दान यंत्राचे नाही, श्रमांचे आहे. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत २०१६ अखेर संपली आहे. ते टंकलिखित करून वाटण्यास आता कायद्याची आडकाठी नाही. इतर लेखकांच्या बाबतीत त्यांच्या वारसांची अनुमती घ्यावी. या शाळेतून बाहेर पडलेले कितीतरी जण आज संगणकावर उपजीविका करतात. प्रत्येकाने वर्षाकाठी एक पुस्तिका युनिकोडमध्ये टंकलिखित करावी, दुसऱ्याने ती मूळ प्रतीशी ताडून शुद्ध करावी. विकत घेतलेले यंत्र पाच-सात वर्षांत निकामी होईल. शुद्ध टंकलिखित ग्रंथ त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक यंत्रावर वाचता येईल, आणि मग आपल्या मुलांना आपलेच वाङ्मय वाचण्यासाठी यंत्रांमध्ये निवड करावी लागणार नाही.